पदभार देणाऱ्याकडे लक्ष दे

छत्रपती संभाजीनगर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ब्रिगेड कमांडरांच्या पदभार-समारंभाची व्यवस्था तुझ्याकडे आली आहे, आणि एका हस्तांदोलनासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तू विचारले आहेस. तुझ्या वयात मलाही तसेच वाटत असे, म्हणून सविस्तर लिहितो.

फौजेत हुकूम एकाच माणसाचा चालतो. तो माणूस बदलतो तेव्हा कोणत्या क्षणापर्यंत जुन्या साहेबांचा शब्द आणि कोणत्या क्षणापासून नव्यांचा, हे साऱ्यांना डोळ्यांनी दिसावे लागते. आपल्या मराठवाड्यात वाढलेल्याला हे वेगळे सांगायला नको. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती जाहीर केली, तरी दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या फौजेचे प्रमुख एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे ती रीतसर पत्करली. ती शरणागती होती, पदभार-बदल नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण अधिकार कोणाकडे गेला याबद्दल त्यानंतर कोणाच्या मनात शंका उरली नाही.

खरे देणे-घेणे समारंभाआधीच्या दिवसांत होते. कागदपत्रे, निधीचे हिशेब, अर्धवट राहिलेली कामे, कोणत्या पलटणीची कोणती अडचण आहे, हे सारे जाणारे साहेब येणाऱ्यांना समजावून सांगतात. त्या दिवसांत दोघांच्या वेळापत्रकात सत्काराचे कार्यक्रम कोंबू नकोस. समारंभात एखादी खुर्ची कमी पडली तर चालेल, ही बोलणी अपुरी राहता कामा नयेत.

30 एप्रिल 2022 रोजी पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रे नागपूरच्या जनरल मनोज पांडे यांच्याकडे दिली. इंजिनिअर कोअरमधून या पदावर पोहोचलेले पांडे हे पहिलेच अधिकारी, त्यामुळे साऱ्यांचे लक्ष घेणाऱ्याकडे होते. दोन वर्षे दोन महिन्यांनी, 30 जून 2024 रोजी, त्यांनीच ती सूत्रे जनरल उपेंद्र द्विवेदी यांना दिली. म्हणून सांगतो, समारंभात देणाऱ्याकडे पाहा. जाणाऱ्या साहेबांच्या पत्नीला आणि मुलांना सावलीत, समोर बसव; त्या हुद्द्यापायी वर्षानुवर्षे घर बदलत राहिलेली माणसे तीच आहेत.

आणखी एक गोष्ट. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरील अधिकाऱ्यांची टोपी, हुद्द्याची चिन्हे, कॉलरवरील पट्ट्या, कमरेचा पट्टा आणि बूट सर्वांसाठी एकसारखे झाले आहेत. नवे कमांडर आता एका रेजिमेंटचे राहिलेले नाहीत, तेव्हा मंडपात त्यांच्या जुन्या पलटणीचे रंग लावण्याचा उत्साह कोणी दाखवला तर त्याला थांबव.

बढतीचा समारंभ याहून लहान, पण मला अधिक जवळचा. मी ब्रिगेडियर झालो तेव्हा एका खांद्यावरची पट्टी जनरल साहेबांनी चढवली आणि दुसऱ्या खांद्यासाठी अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावाहून आई आली होती. अशोकस्तंभाच्या सिंहांखाली दोनाचे तीन तारे झाले होते, एवढाच काय तो फरक. ज्वारी काढून राठ झालेल्या तिच्या बोटांना खांद्यावरचे बटण काही केल्या लागेना. सगळे सभागृह स्तब्ध होते. जनरल साहेब पुढे आले, त्यांनी कापडाचे टोक दोन बोटांनी ताणून धरले आणि बटण मात्र आईलाच लावू दिले. तुझ्या हाती असा कार्यक्रम आला तर घड्याळाकडे पाहून कोणाच्या आईला घाई करू नकोस.

निरोपाच्या वेळी अधिकारी आणि जवान साहेबांची गाडी दोरांनी ओढत फाटकापर्यंत नेतील. ते दोर आदल्या दिवशी स्वतः ओढून तपासून घे. गाडी बाहेर पडली की सारे नव्या साहेबांकडे वळतील. त्या वेळी जुन्या साहेबांचा सहायक एका बाजूला उभा असेल, त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ थांब.

कळावे.

तुझा,
काका