‘आय डाउट’ लिहिलं आणि अर्थ उलटा झाला

प्रश्न : गोदामात माल कमी भरला म्हणून मी लंडनच्या कार्यालयाला मेल केली, ‘आय डाउट द ड्रायव्हर ब्रोक द सील.’ उलट विचारणा आली, मग ड्रायव्हरची चौकशी कशाला? माझं काय चुकलं? ‘हेझिटन्ट’ आणि ‘रिलक्टन्ट’मधला फरकही सांगा.
– वाचक, गोरेगाव

उत्तर : तुम्ही ड्रायव्हरला निर्दोष ठरवलंत! ‘आय डाउट’पुढे विधान आलं की अर्थ होतो, ‘असं झालं असेल हे मला पटत नाही.’ तुम्हाला हवं होतं ‘आय सस्पेक्ट’. आपली ‘शंका’ दोन्हीकडे चालते, म्हणून घोळ होतो. आधी मराठीत वाक्य म्हणून पाहा. शेवटी ‘असावं’ आलं तर सस्पेक्ट, ‘वाटत नाही’ आलं तर डाउट. ‘सर, एक डाउट आहे’ हे दादरच्या क्लासात खपतं. लंडनला मात्र ‘क्वेश्चन’ म्हणा, नाहीतर तुमचा विश्वास नाही असं वाटेल.

हेझिटन्ट माणसाचं ठरत नसतं. तो अडखळतो, कचरतो. रिलक्टन्ट माणसाला नकोच असतं, पण कुरकुरत का होईना, बहुधा तो करतो. रविवारी मेगाब्लॉक असताना कामावर बोलावलं तर तुम्ही रिलक्टन्ट. निघालात आणि लोकल धरावी की बस, यात अडकलात तर हेझिटन्ट. जाणारच नसाल तर सरळ अनविलिंग. ‘रिलक्टन्ट’च्या अर्थाने ‘रेटिसन्ट’ लिहिणारे आता पुष्कळ आहेत, पण तो शब्द मनातलं बोलून न दाखवणाऱ्यासाठीच राखावा.

व्याकरणात बहुतेक जण ‘टु’पाशी घसरतात. ‘रिलक्टन्ट टु’नंतर मूळ क्रियापद : रिलक्टन्ट टु ट्रॅव्हल. ‘ॲव्हर्स टु’ (मनातून नावड असणं) यानंतर आयएनजी : ॲव्हर्स टु ट्रॅव्हलिंग. ‘ॲव्हर्स’मध्ये डी घुसला की होतो ‘ॲडव्हर्स’, म्हणजे प्रतिकूल. तो हवामानाला किंवा परिणामांना लावतात, माणसाच्या नाखुशीला नाही.

प्रश्न : ‘लोथ’च्या शेवटी ई लिहायचा की नाही?
– वाचक, मुलुंड

उत्तर : नाखूश असाल तर नाही : ‘आय ॲम लोथ टु साइन.’ उच्चाराचा शेवट ‘बोथ’सारखा. ई जोडलात की ते क्रियापद होतं, शेवट ‘लोद’कडे झुकतो आणि अर्थ थेट तिटकाऱ्यावर जातो. सही करायला कां कू करणाऱ्याने तो ई लिहू नये.