हझान व्हायचं म्हणतोस, तर

चिरंजीव,

शालोम. तुझा गळा गोड आहे, हे तुला एव्हाना सगळ्यांनी सांगून झालंय, म्हणून मी त्यावर शाई घालवत नाही. हझान म्हणजे सिनेगॉगमध्ये, आपल्या ज्यूंच्या प्रार्थनाघरात, प्रार्थना चालवणारा. तिथे गोड गळा उपयोगी पडतो, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो.

आधी सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी. गुंडाळीत ना स्वरचिन्हं असतात, ना चालीच्या खुणा, नुसती व्यंजनं. छापील हुमाशमधून (तोराच्या पुस्तकातून) पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा पाठ, तोंडपाठ झाल्याशिवाय तेबावर, वाचनाच्या चौथऱ्यावर, चढायचं नाही. अर्थ बदलेल अशी चूक झाली की मागे जाऊन वाचावं लागतं, आणि चूक काढायला आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही. मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारे दहा जण जमवताना नाकी नऊ येतात, पण त्या दहांतले निदान चार तुझा उच्चार धरून बसलेले असतात. राग मानू नकोस. ते आहेत म्हणून वाचन शुद्ध राहिलं.

आपल्याकडे, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, रब्बी (धर्मगुरू) कधी नव्हते, हे बाहेरच्यांना पटत नाही. जे काही होतं ते हझानावरच होतं. शमुवेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, पण प्रार्थनेची घडी नीट बसवायला पुढे कोचीनची ज्यू माणसं यावी लागली. शेलोमो सालेम शुर्राबी १८३३ साली आले ते इथेच राहिले आणि आपल्या लोकांना शिकवत राहिले. आज ज्या चाली तू ‘जुन्या, कंटाळवाण्या’ म्हणतोस, त्या अशा हातांतून आल्यात. इस्रायलहून मोबाइलवर आलेली नवी चाल कानाला छान लागते, मलाही लागते. ती घरी म्हण. तेबावर उभा राहून म्हणशील तर मागच्या बाकावरची आजी गप्प होईल. तिला हिब्रू वाचता येत नाही, तिच्या मांडीवर मराठी अर्थाचं पुस्तक असतं आणि ती फक्त चालीच्या आधाराने सोबत येते. ती गप्प झाली की तू एकटाच गात राहिलास.

अमीदा ही उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना सगळे मनात म्हणतात आणि मग हझान ती मोठ्याने पुन्हा म्हणतो, ती कशासाठी? ज्यांना म्हणता येत नाही त्यांनी ‘आमेन’ म्हणावं आणि त्यांचीही प्रार्थना पुरी व्हावी, म्हणून. म्हणजे तू उभा आहेस तो त्यांच्या वतीने. हे डोक्यात पक्कं बसलं की किती ताणायचं, कुठे थांबायचं, पट्टी किती खाली ठेवायची, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

यातलीच एक गंमत सांगतो. शेमिनी असेरेतला, सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या सणाला, हझान पावसाची प्रार्थना करतो, कारण यरुशलेमकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या वेळी आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडे पाऊस परतीला लागलेला आणि भात कापणीला आलेलं! प्रार्थना कोकणापुरती लगेच ऐकली गेली तर शेतकरी आपल्याला गावात ठेवणार नाहीत. आणि जूनमध्ये सगळे आभाळाकडे डोळे लावून बसतात, तेव्हा अमीदेत पावसाचं मागणं नसतं. तुझ्यासारख्या हुशार मुलाला वाटेल, दोन शब्द हलवले तर काय बिघडलं? हलवायचे नाहीत. तालमुदात, आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, हा प्रश्न फार पूर्वीच येऊन गेलाय. ज्याला आपल्या मुलखासाठी उन्हाळ्यात पाऊस हवा, त्याने तो मनातल्या अमीदेत, ‘शोमेआ तेफिल्ला’ या भागात मागावा. मी मागतो. पण मोठ्याने म्हणताना माझा पाऊस मध्ये आणत नाही.

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला, तुझी खरी परीक्षा. आदल्या संध्याकाळपासून चांदण्या दिसेपर्यंत पाच प्रार्थना, आणि घशाला पाण्याचा थेंब नाही. कोल निद्रेलाच, म्हणजे पहिल्याच संध्याकाळी, गळा मोकळा सोडलास तर मुसाफपर्यंत, पाचांतल्या मधल्या प्रार्थनेपर्यंत, आवाज बसेल. खालच्या पट्टीत सुरू कर. नेइलासाठी, शेवटच्या प्रार्थनेसाठी, राखून ठेव, कारण दिवसभर न दिसलेली माणसंही तेव्हा येतात. त्यात ‘एल नोरा अलिला’ हे गीत सगळ्यांना पाठ असतं. तिथे तू नुसतं सुरू करून द्यायचंस, पुढे लोकच तुला ओढून नेतात.

बाकी कामं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. शुक्रवारी दुपारी फोन करून माणसं गोळा करायची. दहा झाले नाहीत तर कद्दीश (गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना) नाही, सेफेर उघडणं नाही. ज्याच्या वडिलांची वर्षतिथी आहे त्याला हे तोंडावर सांगावं लागतं. मलिद्याला, आभार मानायच्या घरगुती विधीला, घरोघर बोलावणं येतं. पोहे, खोबरं, फळं मांडलेली असतात, बेराखा (आशीर्वचनं) तू म्हणायच्या, पण ‘एलियाहू हन्नाबी’ हे गाणं बायकांना म्हणू दे, त्या आपल्यापेक्षा चांगलं म्हणतात. हशकाबाच्या, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या, आधी नावं लिहून घे. गेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर घरचे ते विसरत नाहीत. पैशाचं म्हणशील तर नोकरी सोडू नकोस. देशात आपण उरलो जेमतेम काही हजार, त्यातून कुठलं सिनेगॉग किती पगार देणार?

सुरुवात शब्बाथच्या (शनिवारच्या) मिन्हापासून, दुपारच्या प्रार्थनेपासून, कर. तेव्हा पुढच्या पाराशाचा छोटासा भाग असतो, तीनच जणांना बोलावतात, आणि गर्दीही नसते. हातबोशी, म्हणजे प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातात घेणं, झाल्यावर थांब, कोण काय म्हणतो ते ऐकून घे. एलुल महिना लागला की पहाटे सेलिहोत, क्षमेच्या प्रार्थना; बहुतेक वर्षी तेव्हाच गणपती असतात, रात्री ढोलताशे, झोपेचं खोबरं ठरलेलं. तरी ये. तुला दोन पानं देईन, तेवढी पाठ करून ये.

तुझा,
काका