तंबू उघडणारा छोटा ट्रेलर घ्यावा का? आधी तो वाळत घालायची जागा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चौघं, त्यात दोन लहान मुलं. आतापर्यंत जमिनीवरच्या तंबूत राहिलात, पण आता पाठीला ते सोसवत नाही. ज्याचं छप्पर वर उचललं की दोन्ही टोकांना कापडी पलंग बाहेर येतात, असा एक आठ वर्षांचा जुना ट्रेलर विकाऊ आहे. घ्यावा का, आणि सांभाळायला किती जड जातो?

मी असाच ट्रेलर नऊ वर्षं वापरते आहे. तोही जुनाच घेतला होता. घ्यावा की नाही हे सांगण्याआधी मीच तुम्हाला एक विचारते: सहलीहून परतल्यावर तो पूर्ण उघडून दिवस-दोन दिवस तसाच ठेवता येईल अशी जागा तुमच्याकडे आहे का? उघडल्यावर त्याची लांबी बंद असतानापेक्षा बरीच वाढते, म्हणजे बंद ट्रेलर मावेल एवढी जागा पुरत नाही. अशी जागा असेल, निदान कुणा जवळच्या माणसाकडे हक्काची मिळणार असेल, तर जरूर घ्या. नसेल तर माझं मन घ्या म्हणायला धजत नाही. बाकीच्या सगळ्या अडचणींवर उपाय आहेत, ओल्या कापडावर मात्र वाळवण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

हे मी अनुभवाने सांगते. दुसऱ्या वर्षी एका सहलीच्या शेवटच्या सकाळी पाऊस लागला, सगळं ओलंच घडी करून निघालो, रात्री उशिरा घरी पोचलो. दुसऱ्या दिवसापासून कामाचा आठवडा. उद्या उघडू, उद्या उघडू करत पाच दिवस गेले. उघडला तेव्हा आधी कुबट वास आला, मग खिडकीवरच्या शिवणीलगत मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. बुरशी धाग्याच्या आत उतरली होती. मऊ ब्रशने, साध्या पाण्याने कितीतरी वेळ घासलं. वास गेला, ठिपके आजही आहेत. तेव्हापासून नियम एकच: घडी ओली करावी लागली तरी हरकत नाही, पण 24 तासांच्या आत ट्रेलर उघडलाच पाहिजे, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. आणि ओलं कापड मिटताना ते थेट गाद्यांवर येऊन पडतं, म्हणून गाद्यांवर आधी प्लॅस्टिकचा मोठा कागद अंथरायचा. कापड एका दुपारी वाळतं, फोमची गादी वाळता वाळत नाही.

कपडे धुण्याची पावडर किंवा ब्लीच कॅनव्हासला लावू नका. पावडरीने पाणी अडवणारा थर जातो, ब्लीचने शिवणीचा दोरा कमजोर होतो. सुती किंवा सुतमिश्रित नवीन कॅनव्हास बसवलात तर पहिल्या एक-दोन पावसांत शिवणीतून पाणी झिरपेल. घाबरू नका, कापड खराब नसतं. सुईची भोकं बंद व्हायला सुताचा धागा भिजून फुगावा लागतो, म्हणून नवीन कापड सहलीला नेण्याआधी घरीच नळीने भिजवून पूर्ण वाळवतात, असं दोनदा-तीनदा. आणि पाऊस चालू असताना आतून कापडाला काही टेकू देऊ नका. आमच्या मुलाची उशी रात्रभर भिंतीला टेकली होती. बाहेरचं पाणी तेवढ्याच जागी कापडातून ओढलं गेलं आणि सकाळी उशीचा एक कोपरा पिळून काढण्याइतका ओला होता. बाजूची बाकी भिंत कोरडी ठाक.

सकाळी छताच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ती गळती असेलच असं नाही. चार माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमते. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवून झोपा. थंडी वाजते म्हणून सगळं घट्ट बंद केलं की ओल आणखी वाढते.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. ऊब यावी म्हणून आत शेगडी, कोळसा किंवा स्वयंपाकाचा गॅस कधीही पेटता ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. भिंती कापडाच्या आहेत, हवा खेळतच असेल, या भरवशावर राहून माणसं गेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत हवाच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसगळतीचा अलार्म खाली, फरशीजवळ लावतात.

आता ओढण्याबद्दल. ट्रेलरच्या पाटीवर रिकाम्या ट्रेलरचं वजन असेल तर त्यात पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, सामान धरलेलं असेलच असं समजू नका. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, तिथेच हिशेब बदलतो. तुमची गाडी किती ओढू शकते तो आकडा भरलेल्या वजनाशी ताडून बघा. याहून जास्त दुर्लक्षित आकडा म्हणजे हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या सांध्यावर, ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा येणारा भार. अमेरिकेत तो एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के ठेवा म्हणतात, ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनसाठी, म्हणजे गाडीमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरसाठी, 5 ते 7 टक्के. 700 किलोच्या ट्रेलरला पहिल्या हिशेबाने 70 ते 105 किलो, दुसऱ्याने 35 ते 49. तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तिकेत जी मर्यादा दिली असेल ती अंतिम. छोट्या ट्रेलरचा हा भार घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो: हिचच्या उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा, त्यावर टोक टेकवायचं आणि आकड्यातून ठोकळ्याचं वजन वजा करायचं.

हा भार कमी पडला, म्हणजे जड सामान मागे गेलं, की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे आणि खाली ठेवा. तरी डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने सावरायलाही जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग आपोआप उतरू द्या. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा: ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवायचा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा फार चटकन वळतो आणि गाडीशी काटकोनात येतो, म्हणून रिकाम्या मैदानात एक सकाळ नुसता सराव करा.

मुक्कामाला पोचल्यावर क्रम मोडू नका. आधी डावी-उजवी पातळी एका चाकाखाली फळी घालून साधा, मग चाकांना ठोकळे लावा, त्यानंतरच गाडीपासून सोडवा. पुढची-मागची पातळी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या, खालीवर होणाऱ्या छोट्या चाकाने जमते. चार कोपऱ्यांचे पाय ट्रेलर डुगडुगू नये म्हणून असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात तर सांगाडा पिळवटतो आणि दार लागेनासं होतं. मुलांना मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की शिकवा: पलंगाखालचे आधाराचे दांडे बसल्याशिवाय कुणीही पलंगावर चढायचं नाही. बाहेर काढलेला पलंग बघितला की मुलं उडीच मारतात.

इतकं सगळं वाचून वाटेल, मग घ्यायचाच कशाला? जमिनीपासून वर, कोरड्या गादीवर, तिन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवून झोपणं आणि पहाटे पहिल्या पाखराच्या आवाजाने उठणं, हे पक्क्या भिंतींच्या गाडीत मिळत नाही. मिटलेला असताना तो बुटका राहतो, वारा कमी लागतो, आरशातून त्याच्यावरून मागचा रस्ता दिसतो. उणीव म्हणाल तर आवाज आणि थंडी कापड अडवत नाही, आणि काही ठिकाणी मज्जाव असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज नावाच्या मुक्कामाच्या तळावर अस्वलांमुळे कापडी भिंतींची वाहनं राहू देत नाहीत. तुम्ही जिथे जाता तिथला नियम आधी विचारून ठेवा.

जुना बघायला जाल तेव्हा कापडाच्या आधी फरशी बघा. चारही कोपऱ्यांत आणि दारापाशी अंगठ्याने दाबा. लाकूड मऊ लागलं, दबलं, तर पाणी कित्येक महिने मुरतंय. त्या दुरुस्तीला फार हात लागतो, मी तरी माघारी फिरेन. कापडाला उसवलेली शिवण किंवा पेराएवढं भोक असेल तर फिकीर नको, ते शिवता येतं. टायरवर ‘DOT’ या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नवी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर मी ते बदलतेच. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर आली किंवा वर-खाली धरून हलवल्यावर चाक डगमगलं तर बेअरिंगचं काम आलं. घेतल्यावर वर्षातून एकदा ग्रीस भरून घ्या, आणि प्रवासात प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची पालथी बाजू न्या. दुसऱ्या चाकापेक्षा एक फारच तापलेलं जाणवलं तर पुढे जाऊ नका.

आणि मालकाला छप्पर खालीवर करून दाखवायला सांगा, मग स्वतः एकदा पूर्ण उघडा आणि मिटा. विंच, म्हणजे तारेने छप्पर उचलणारा हाताचा रहाट, फिरवताना एक कोपरा मागे राहतो का, तारेचा कुठे कचकच आवाज येतो का, ते लक्षात येईल. जमलं तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. दार उघडल्यावर आधी नुसता वास घ्या, मग बाकीचं बघा.