लायडनच्या विद्यापीठीय वनस्पती उद्यानात ट्युलिपखेरीज पाहण्यासारखं काय आहे?

भरपूर आहे! ही बाग १५९० सालची, नेदरलँड्समधली सर्वांत जुनी. १५९३ मध्ये इथे आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसिअसला ट्युलिपमुळे सगळे ओळखतात. पण पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने गोव्यात छापलेला (१५६३) औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ लॅटिनमध्ये संक्षिप्त करून युरोपभर पोचवला तोही यानेच, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं. क्लुसिअसची बाग जुन्या नोंदींवरून पुन्हा उभी केली आहे, आधी तीच बघा. जर्मन डॉक्टर झीबोल्डने जपानहून पाठवलेल्या झाडांपैकी काही अजून उभी आहेत. काचघरातलं महाकाय व्हिक्टोरिया कमळ पहिल्या रात्री पांढरं उमलतं, दुसऱ्या रात्री गुलाबी होतं. त्यासाठी उन्हाळ्यातच जा.