कमी पगारावर सही केली असली तरी किमान वेतनाचा फरक मागता येतो का?

येतो. कळंगुटच्या हॉटेलात दोन वर्षं काम केलंत, रुजू होताना कमी पगारावर सही दिलीत, म्हणून हक्क बुडत नाही. वेतन संहिता २०१९ नुसार असा करार मुळातच रद्द. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात दावा सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांची मुदत आहे.

पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. फरकाशिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. 'पर्यंत' हा शब्द मात्र विसरू नका, सरसकट दहापट मिळत नाही. पगार दिल्याचं सिद्ध करणं मालकाचं काम.

तरी स्वतःचं टिपण हवंच. माझ्या मावसभावाकडे पगाराची एकही पावती नव्हती. होती ती खिशातली डायरी, पेन्सिलीने मांडलेल्या ड्युट्या नि हातात पडलेली रक्कम. व्हॉट्सअॅपवरचं ड्युटीचं वेळापत्रक, बँकेचं पासबुक, सगळं जपा. आणि 'हिशेब चुकता' लिहिलेल्या कोऱ्या व्हाउचरवर आता तरी सही करू नका!