टेस्ट पास झाल्या, पण जुनी डेन्ट्री कोण सोडतं?

प्रश्न : आमच्या कंपनीची स्वतःची एक फाइलसिस्टम आहे. ती दुसऱ्या फाइलसिस्टमवर बसते आणि मधल्यामध्ये फायली एन्क्रिप्ट करते. ती लिनक्स 6.15 वर आणणारा पॅच (कोडमधले बदल) सिनिअरनी लिहिलाय, रिव्ह्यू माझ्याकडे आलाय. डिरेक्टरी तयार करणारं 'मेकडिर' आता इंटऐवजी (साध्या आकड्याऐवजी) डेन्ट्रीचा, म्हणजे नाव आणि फाइल यांची सांगड घालणाऱ्या कर्नलमधल्या नोंदीचा, पॉइंटर परत करतं, एवढाच बदल. त्यांनी सगळीकडे शेवटी 'एर-पीटीआर'मध्ये (एररच्या आकड्याला पॉइंटरचं रूप देणारं फंक्शन) एरर घालून परत केलीय. एरर शून्य असली तर? बाकी टेस्ट पास आहेत. 'रिव्ह्यूड-बाय' (तपासल्याचा शेरा) देऊन टाकू का, मॅडम?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या शंकेत मात्र काही दम नाही. शून्याचं एर-पीटीआर म्हणजे नल (रिकामा पॉइंटर), आणि इथे नल म्हणजे 'दिलेलीच डेन्ट्री वापरली'. कर्नलमधल्या बऱ्याच फाइलसिस्टमनी तसंच लिहिलंय.

आधी हा बदल झालाच का, ते बघा. डिरेक्टरीच्या एका आयनोडला (डिरेक्टरीची स्वतःची माहिती ठेवणारी नोंद) एकच डेन्ट्री चालते. एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून वापरायची फाइलसिस्टम) सर्व्हरवर डिरेक्टरी तयार होते, आणि क्लायंट तो आयनोड आपल्या डेन्ट्रीला जोडणार, तेवढ्यात दुसरी एखादी प्रोसेस फाइल-हँडलवरून (नावाशिवाय फाइल ओळखण्याची खूण) तिथे पोहोचलेली असू शकते. मग तिची डेन्ट्री आधीच हजर, आणि तुमची नुसती लोंबकळत राहते. इंट परत करून हे सांगणार कसं? म्हणून 2025 मध्ये 6.15 पासून फाइलसिस्टम खरी डेन्ट्रीच हातात देते.

आता तुमची फाइलसिस्टम दुसरीवर बसते, म्हणजे ती 'मेकडिर' पुरवतेही आणि खालच्या थरावर 'व्हीएफएस-मेकडिर' (व्हीएफएस या कर्नलच्या सामाईक फाइलसिस्टम-थराचं फंक्शन) स्वतः बोलावतेही. सिनिअरचं लक्ष पहिल्या बाजूवर गेलेलं दिसतंय. गोम दुसऱ्या बाजूला आहे. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधली 'पोर्टिंग' ही फाइल उघडा (ती न वाचता व्हीएफएसचा पॅच तपासणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं). तिथे 'मँडेटरी' शिक्क्याखाली लिहिलंय: परत आलेली डेन्ट्री दिलेल्यापेक्षा वेगळी असेल, किंवा एरर आली असेल, तर मूळ डेन्ट्रीचं डीपुट (तिच्यावरचा रेफरन्स सोडणं) व्हीएफएस-मेकडिरच करून टाकतं.

म्हणजे एरर आल्यावर जुन्या सवयीने 'गोटू आउट' (शेवटच्या आवराआवरीकडे उडी) आणि तिथे पुन्हा डीपुट, असं असेल तर एकच रेफरन्स दोनदा सोडला जातो. उत्तर त्याच व्हेरिएबलमध्ये घेतलं असेल तर आणखी मजा: डीपुट नल चालवून घेतं, एरर-पॉइंटर नाही, थेट ऊप्स (कर्नल कोसळल्याची नोंद). आणि उत्तर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेऊन पुढे जुनंच वापरलं असेल, तर एरर नसतानाही सोडून दिलेल्या डेन्ट्रीला हात लागू शकतो. या ओळी पॅचमध्ये बदललेल्या नसतील, म्हणून डिफमध्ये दिसणारही नाहीत. आख्खं फंक्शन उघडून वाचा.

टेस्ट पास होणारच. खाली ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) असताना दिलेलीच डेन्ट्री परत येते, आणि मेकडिर फसण्याची वेळ टेस्टमध्ये बहुधा आलीच नसेल. ती आणा. लहानशी इमेज मोजक्या आयनोडची फॉरमॅट करा, लूपवर (फाइलच डिस्क म्हणून वापरून) माउंट करा, त्यावर तुमची फाइलसिस्टम चढवा आणि आयनोड संपेपर्यंत डिरेक्टऱ्या करत सुटा. कर्नल केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून बांधलेलं हवं. शेवटी अनमाउंट करायला विसरू नका. डेन्ट्री सोडायची राहिली असेल तर 'स्टिल इन यूझ' अशी तक्रार डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) तेव्हाच उमटते. एनएफएसवाली शर्यत मात्र हुकमी घडवणं अवघड, ती वाट डोळ्यांनीच तपासावी लागेल.

सिनिअरना 'तुमचं चुकलं' असं लिहू नका. त्या ओळीवर एवढंच विचारा : 'इथे एरर आली तर खालची डेन्ट्री कोण सोडतं?' आणि 'टेस्ट पास आहेत' असं उत्तर आलं, तर ती इमेज जोडून पाठवा.