प्लेटचे स्टिकर हातात घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका

भाऊ, चोपडा रोडवर गाडी घसरून वडिलांची नडगी घोट्याच्या जरा वर मोडली, आठवडा झाला तरी ऑपरेशन नाही, म्हणून जळगावहून मुंबईला हलवू का, असं विचारलंय तुम्ही. माझंही हाड तिथेच मोडलं होतं. मी डॉक्टर नाही, एक्सरे बघून डॉक्टर सांगतील तेच खरं. पण सूज उतरायची वाट बघत असतील तर हलवू नका. तिथं हाडावर मांस जवळजवळ नसतंच. सुजल्या कातडीवर चिरा दिला तर जखम चिघळते. सूज उतरून कातडीला बारीक सुरकुत्या दिसल्या की ऑपरेशनला घेतील. बऱ्याचदा मोडलेली जागा न उघडता लहान चिऱ्यांतून हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट सरकवतात, म्हणजे हाडाचा रक्तपुरवठा टिकतो.

मला सगळ्यात जास्त भोवली ती दवाखान्याची खिडकी. डिस्चार्जच्या दिवशी ऑपरेशन नोट आणि प्लेट-स्क्रूचे स्टिकर, म्हणजे कंपनी आणि माप लिहिलेली पाकिटावरची चिठ्ठी, मागितले. "फाईलला लावलेत, पुढच्या तपासणीला या." पुढच्या वेळी फाईल क्लेमला गेलेली. नंतर रेकॉर्डवाला रजेवर. हाड जुळलं, पण आतल्या घोट्याला प्लेट टोचायची, बूट घालवेना. काढायला धुळ्याला गेलो तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, कंपनी कोणती? लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्ये घट्ट बसतात. काढायला त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, नाहीतर खाच झिजते. माझे काही स्क्रू शेवटी ड्रिल करूनच काढावे लागले. चिरा वाढला, बिल वाढलं. पेशंटच्या पायात काय घातलंय हे पेशंटलाच सांगायचं नाही, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षंच जपायचं बंधन आहे. प्लेट बहुधा त्यानंतरही पायात असते. महात्मा फुले योजनेतून फुकट झालं तरी मागा, तो उपकार नाही.

वडील बिडी ओढत असतील तर आजच बंद करा, हाड जुळायला उशीर होतो. चिरे लहान असले तरी पाय लवकर टेकवता येत नाही, त्याला आठवडे जातात. घरी बसका संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.